पर्यावरणपूरक लाकडी स्नोबोर्ड : रचना, निकष आणि निगा – एक विश्लेषणात्मक अभ्यास

सारांश

क्रीडासाहित्याच्या निर्मितीत पर्यावरणाचा विचार गेल्या काही दशकांत पुढे आला आहे. बर्फावरून घसरत जाण्यासाठी वापरला जाणारा स्नोबोर्ड हे त्याचे बोलके उदाहरण होय. 'लाकडी' म्हणून विकला जाणारा स्नोबोर्ड प्रत्यक्षात लाकूड, काचतंतू, रेझिन, प्लॅस्टिक आणि पोलाद यांचा संयोग असतो. त्यामुळे त्याची पर्यावरणपूरकता केवळ लाकडावरून ठरविता येत नाही. प्रस्तुत लेखात स्नोबोर्डची जडणघडण, पर्यावरणपूरकतेचे निकष आणि निगा राखण्याच्या पद्धती यांचे विवेचन केले असून, वस्तूचे आयुष्य वाढविणारी निगा हाच पर्यावरणपूरकतेचा सर्वांत दुर्लक्षित घटक आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : स्नोबोर्ड, लाकडी गाभा, इपॉक्सी रेझिन, मेण, निगा, जीवनचक्र.

१. प्रस्तावना

बर्फाच्छादित प्रदेशातील माणसाने हिवाळ्यातील दळणवळणासाठी प्राचीन काळापासून लाकडाचा आधार घेतला. चीनमधील शिनजियांग प्रांताच्या अल्ताय भागात आजही घोड्याचे कातडे तळाला लावलेल्या लाकडी स्की वापरण्याची परंपरा टिकून आहे. तुर्कस्तानातील रिझे प्रांतातील पेत्रान या डोंगरी वस्तीत दोरी आणि काठीच्या साहाय्याने तोल सांभाळत साध्या लाकडी फळीवरून उतरण्याची रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. या साधनांत लाकडाखेरीज फारसे काही नसे. ती मोडली तर चुलीत जात, किंवा मातीत मिसळून जात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या फळीचे रूपांतर औद्योगिक उत्पादनात झाले. वेग वाढला, नियंत्रण वाढले, सुरक्षितता वाढली. त्याचबरोबर न कुजणाऱ्या व सहज वेगळ्या न होणाऱ्या पदार्थांचे प्रमाणही वाढले. हा खेळ बर्फावर अवलंबून असल्याने ही विसंगती अधिकच ठळकपणे जाणवते. 'पर्यावरणपूरक लाकडी स्नोबोर्ड' ही संकल्पना या विसंगतीतून जन्माला आली. ती कितपत सार्थ आहे, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) स्नोबोर्डच्या विकासात लाकडाचे स्थान स्पष्ट करणे.
२) आधुनिक स्नोबोर्डची रचना आणि तिच्यातील प्रत्येक घटकाचे कार्य समजून घेणे.
३) पर्यावरणपूरकतेच्या प्रचलित दाव्यांची चिकित्सा करणे.
४) लाकडी स्नोबोर्डची निगा राखण्याच्या पद्धती व त्यामागील शास्त्रीय कारणे मांडणे.

३. अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून माहितीसाठी दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी

आधुनिक स्नोबोर्डचा आरंभ सामान्यतः १९६५ सालापासून मानला जातो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील मस्किगन येथे शर्मन पॉपेन यांनी त्या वर्षीच्या नाताळात दोन स्की एकमेकींना जोडून आपल्या मुलींसाठी एक खेळणे तयार केले. 'स्नो' आणि 'सर्फ' या दोन शब्दांच्या मिश्रणातून त्याला 'स्नर्फर' हे नाव पडले. पुढे ब्रन्स्विक या कंपनीने लाकडाचे थर चिकटवून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. पाय बांधण्याची सोय त्यात नव्हती. टोकाला बांधलेली दोरी हाच काय तो आधार.

जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ मध्ये व्हरमाँट राज्यात उत्पादनाला आरंभ केला. त्यांचे सुरुवातीचे बोर्डही लाकडाचे थर चिकटवून बनविलेले होते. त्याच दशकात टॉम सिम्स आणि दिमित्रिये मिलोविच यांनीही स्वतंत्रपणे प्रयोग केले. यानंतर स्की उद्योगातील तंत्र स्नोबोर्डमध्ये उतरले. प्लॅस्टिकचा तळ, पोलादी कडा आणि काचतंतूंचे थर आले. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगचा समावेश झाला आणि या खेळाला जागतिक मान्यता मिळाली.

या संपूर्ण स्थित्यंतरात लाकूड दिसेनासे झाले, तरी नाहीसे झाले नाही. ते गाभ्यात गेले. फेसाळ प्लॅस्टिकचे गाभे करून पाहण्यात आले, परंतु लवचीकता, हादरे शोषून घेण्याची क्षमता आणि वारंवार वाकूनही न थकण्याचा गुण या तिन्ही बाबतींत लाकडाची बरोबरी करणे कठीण ठरले. त्यामुळे आजही बहुसंख्य स्नोबोर्डचा गाभा लाकडाचाच असतो.

५. स्नोबोर्डची रचना

निगा समजून घेण्यासाठी रचना समजणे आवश्यक आहे. स्नोबोर्ड हा अनेक थरांचा असतो. मध्यभागी लाकडी गाभा, त्याच्या वर व खाली इपॉक्सी रेझिनमध्ये भिजविलेले काचतंतूंचे कापड, सर्वांत खाली पॉलिइथिलिनचा तळ, तळाच्या कडेने पोलादी पट्टी, बाजूंना प्लॅस्टिक किंवा लाकडाची भिंत आणि सर्वांत वर शोभेचा व संरक्षणाचा थर अशी त्याची मांडणी असते. हे सर्व थर साच्यात ठेवून उष्णता व दाब यांच्या साहाय्याने एकजीव केले जातात.

गाभ्यासाठी एकसंध फळी न वापरता उभ्या अरुंद पट्ट्या चिकटवून वापरतात. त्यामुळे एका पट्टीतील दोष संपूर्ण बोर्डात उतरत नाही व फळी पिळवटत नाही. पॉप्लर हे यासाठी सर्वाधिक प्रचलित लाकूड होय. ते हलके, लवकर वाढणारे आणि स्वस्त असते. काश्मीरमध्ये हेच लाकूड सफरचंदांच्या पेट्यांसाठी वापरले जाते. पाउलोनिया त्याहूनही हलके असते. ॲश, बीच आणि मेपल ही जड व चिवट लाकडे पायाखालच्या व कडेच्या भागात बळकटीसाठी घालतात. बांबूचाही वापर होतो. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या बांबू हे गवत असले, तरी त्याची ताणशक्ती या कामी उपयोगी पडते.

लाकडाचा एक स्वभाव येथे ध्यानात घ्यावा लागतो. ओलावा मिळाला की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने मात्र नगण्य फुगते. काचतंतू व पोलाद यांना हा स्वभाव नाही. म्हणून गाभ्यात पाणी शिरले की थराथरांत ताण निर्माण होतो. त्यातच पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. दिवसा शिरलेले पाणी रात्री गोठले की ते पाचरीसारखे काम करते आणि थर सुटू लागतात. स्नोबोर्डच्या निगेचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

६. पर्यावरणपूरकतेचे निकष

६.१ लाकडाचा उगम

लाकूड नूतनीकरणक्षम आहे, हे खरे. परंतु ते कोठून व कसे आले, यावर त्याचे मूल्य ठरते. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचे प्रमाणपत्र वनव्यवस्थापनाविषयी काही प्रमाणात खात्री देते. झपाट्याने वाढणारे झाड म्हणजे निर्धोक झाड, हे समीकरणही सरसकट मान्य करता येत नाही. पाउलोनियाची एक जाती अमेरिकेत आक्रमक परदेशी वनस्पती म्हणून ओळखली जाते.

६.२ रेझिन

लाकूड पुन्हा उगवते, पण त्याला धरून ठेवणारे इपॉक्सी रेझिन पेट्रोलियमजन्य असते आणि एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. म्हणूनच जुना बोर्ड सुटा करून त्यातील लाकूड, पोलाद व प्लॅस्टिक वेगळे काढणे जवळजवळ अशक्य होते. यावर दोन दिशांनी प्रयत्न झाले आहेत. पहिला, वनस्पतिजन्य घटकांचा काही अंश असलेले रेझिन. बायोडिझेलनिर्मितीत उरणाऱ्या ग्लिसरीनसारख्या उपपदार्थांचा त्यात उपयोग होतो. तथापि, असे रेझिन संपूर्णपणे वनस्पतिजन्य नसते, हे लक्षात ठेवले पाहिजे. दुसरा प्रयत्न 'रिसायक्लामाइन' या तंत्राचा. अमेरिकेतील कॉनोरा टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकसित केलेल्या या तंत्रात रेझिन घट्ट करणारा घटकच असा योजलेला असतो की सौम्य आम्लाच्या गरम द्रावणात रेझिन सुटे होते व तंतू परत मिळतात. हे तंत्र पुढे आदित्य बिर्ला समूहाने संपादन केले.

६.३ तंतू व वरचा थर

काचतंतूंऐवजी किंवा त्यांच्या जोडीने जवसाच्या झाडापासून मिळणारे तंतू वापरले जातात. हे तंतू वजनाने हलके असून कंपने चांगली शोषतात. विदर्भातील शेतकऱ्यांना जवस तेलबी म्हणून परिचित आहे. तंतूसाठी मात्र त्याच वनस्पतीचे उंच वाढणारे वेगळे वाण थंड हवेच्या प्रदेशांत घेतले जाते. वरच्या थरासाठी पेट्रोलियमजन्य प्लॅस्टिकऐवजी एरंडेल तेलापासून बनणारे 'पॉलिॲमाइड ११' हे प्लॅस्टिक वापरता येते. जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते व त्यात गुजरातचा वाटा मोठा आहे. आल्प्समध्ये किंवा रॉकी पर्वतात घसरणाऱ्या फळीचा एक धागा अशा रीतीने भारतीय शेतीशी जोडलेला आढळतो. काही निर्माते प्लॅस्टिकचा थर टाळून लाकडाचे पातळ व्हीनीअर लावतात व त्यावर तेल किंवा वॉर्निश चढवितात.

६.४ आयुष्य

वरील तिन्ही निकष खरेदीच्या क्षणाशी निगडित आहेत. चौथा निकष वापराशी संबंधित आहे आणि जाहिरातीत तो क्वचितच येतो. एखादा बोर्ड तयार करताना होणारा भार ठरलेला असतो. तो बोर्ड तीन हिवाळ्यांऐवजी सहा हिवाळे टिकला, तर दर हिवाळ्यामागे येणारा निर्मितीचा भार निम्मा होतो. रेझिनमधील वनस्पतिजन्य अंश काही टक्क्यांनी वाढवून साधणारा लाभ या तुलनेत लहान ठरतो. म्हणूनच पर्यावरणपूरक बोर्ड विकत घेऊन त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यापेक्षा साधा बोर्ड जपून वापरणारा पर्यावरणाचे अधिक हित साधतो, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

७. लाकडी स्नोबोर्डची निगा

७.१ दैनंदिन निगा

वापर संपताच बोर्डवरील बर्फ झटकून तो कोरड्या कापडाने पुसावा. पोलादी कडा विशेष काळजीने पुसाव्यात, कारण गंज प्रथम तेथेच धरतो. ओला बोर्ड पिशवीत बंद करून ठेवू नये. तो खोलीच्या सामान्य तापमानाला मोकळ्या हवेत वाळवावा. हीटरजवळ, शेकोटीजवळ किंवा उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवणे टाळावे. तीव्र उष्णतेने लाकूड एका बाजूने आधी सुकते आणि रेझिनची पकडही सैल होऊ शकते.

७.२ तळाला मेण लावणे

तळाच्या पॉलिइथिलिनमध्ये अतिसूक्ष्म पोकळ्या असतात व त्यांत मेण मुरते. पावडर दाबून बनविलेला तळ अधिक मेण शोषतो व अधिक वेगवान असतो. वितळवून पत्र्यासारखा ओढलेला तळ कमी मेण शोषतो, पण दुरुस्तीला सोपा असतो. कडेजवळचा तळ पांढुरका व कोरडा दिसू लागला की मेणाची वेळ झाली, असे समजावे. साधारणतः तीन ते पाच दिवसांच्या वापरानंतर ही वेळ येते.

प्रथम तळ स्वच्छ करावा. त्यासाठी तीव्र द्रावकाऐवजी मऊ मेण गरम असतानाच खरवडून काढण्याची रीत श्रेयस्कर मानली जाते. मेणाबरोबर मळही निघून येतो. त्यानंतर इस्त्रीवर मेण वितळवून त्याचे थेंब तळावर पाडावेत व इस्त्री सतत फिरती ठेवून ते पसरावे. मेणातून धूर येऊ लागला तर इस्त्री प्रमाणाबाहेर तापली आहे, असे जाणावे. पॉलिइथिलिन सुमारे १३० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळू लागत असल्याने इस्त्री एका जागी थांबविणे घातक ठरते. बोर्डची वरची बाजू हाताला कोमट लागेल, इतकीच उष्णता पुरेशी असते. बोर्ड पूर्ण थंड झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने टोकाकडून शेपटाकडे मेण खरवडावे व शेवटी ब्रश फिरवावा. वरवर साचलेले मेण वेग वाढवीत नाही. आत मुरलेले मेणच काम करते.

७.३ मेणाची निवड

निगा स्वतःच प्रदूषणकारी ठरू शकते, हे मेणाच्या इतिहासातून दिसून येते. स्पर्धेतील वेगासाठी अनेक वर्षे फ्लोरिनयुक्त मेण वापरले जाई. त्यातील रसायने निसर्गात सहजासहजी विघटित होत नाहीत. बर्फ वितळताच ती माती व पाण्यात जातात. स्पर्धकांच्या स्कीला असे मेण लावणाऱ्या तंत्रज्ञांच्या रक्तात या रसायनांचे प्रमाण वाढलेले आढळले. आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाने २०१९ मध्ये बंदी जाहीर केली. चाचणीची विश्वसनीय पद्धत विकसित होण्यास वेळ लागल्याने तिची पूर्ण अंमलबजावणी २०२३-२४ च्या हंगामापासून झाली. सामान्य वापरकर्त्याला अशा मेणाची गरज मुळातच नसते. सोयाबीन, कार्नोबा यांसारख्या वनस्पतिजन्य मेणांवर किंवा मधमाश्यांच्या मेणावर आधारित पर्याय उपलब्ध आहेत. मेण कोणतेही असो, खरवडलेला चुरा गोळा करून कचऱ्यातच टाकावा आणि काम हवेशीर जागी करावे.

७.४ कडांची निगा

कठीण बर्फावर वळण घेताना पोलादी कडाच पकड देते. दगडावर घासल्याने तिच्यावर कुसळासारखे बारीक टवके उठतात. ते डायमंड स्टोनने हलक्या हाताने काढावेत. कानस वारंवार चालवू नये. कडेचे पोलाद मोजकेच असते व प्रत्येक वेळी त्यातील थोडे कायमचे निघून जाते. म्हणून धार सतत नवी करण्यापेक्षा आहे ती टिकविणे हिताचे.

७.५ लाकडी पृष्ठभागाची निगा

वरचा थर उघड्या व्हीनीअरचा असल्यास त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. ओरखडा लाकडापर्यंत गेला असेल, तर तो भाग पूर्ण वाळवून बारीक पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने घासावा आणि मूळ लेप ज्या प्रकारचा असेल त्याच प्रकारचा लेप द्यावा. तेलाचा लेप असल्यास जवसाचे तेल अत्यंत पातळ हाताने लावून काही वेळाने जादा तेल पुसून घ्यावे. क्रिकेटच्या नव्या बॅटला तेल देण्याची रीत महाराष्ट्रातील खेळाडूंच्या परिचयाची आहे. तेथे जसे अतितेल बाधते आणि दांड्याच्या सांध्याला तेल लागू दिले जात नाही, तसेच येथेही मेण लावावयाच्या तळाला व चिकटविलेल्या सांध्यांना तेल लागू देऊ नये. तेलाने माखलेले कापड चुरगाळून ठेवू नये. जवसाचे तेल वाळताना हवेतील प्राणवायू घेते व उष्णता बाहेर टाकते. कापडाच्या बोळ्यात ती उष्णता साठून आपोआप आग लागू शकते. असे कापड पसरून वाळवावे.

पाय न बांधता केवळ भुसभुशीत बर्फावर वापरले जाणारे काही बोर्ड आजही प्रामुख्याने लाकडाचे असतात. जपानमध्ये 'युकिइता' या नावाने असे बोर्ड हातांनी बनविले जातात. ज्यांचा तळही लाकडाचाच आहे, त्यांना जुन्या स्कँडिनेव्हियन लाकडी स्कींची परंपरा मार्गदर्शक ठरते. त्या स्कींच्या तळाला पाइनचे डांबर गरम करून मुरविले जाई, जेणेकरून पाणी लाकडात शिरत नसे.

७.६ दुरुस्ती

तळावरील उथळ चरा पॉलिइथिलिन वितळवून भरता येतो. मात्र चरा गाभ्यापर्यंत गेला असेल, तर बोर्डचा वापर तत्काळ थांबवावा. तो भाग उबदार व कोरड्या खोलीत अनेक दिवस वाळवावा, इपॉक्सीने लाकूड बंद करावे आणि नंतरच तळाचा तुकडा बसवावा. ओले लाकूड बंद करणे म्हणजे पाणी आत कोंडणे होय. कडेचे थर सुटू लागले असल्यास फटीत इपॉक्सी भरून क्लॅम्पने दाबून ठेवावे. वेळीच केलेल्या या दुरुस्तीला थोडके रेझिन लागते. उशीर झाल्यास संपूर्ण बोर्ड टाकावा लागतो.

७.७ हंगामानंतरची साठवण

हंगाम संपल्यावर बोर्ड स्वच्छ करून तळावर व कडांवर मेणाचा जाड थर द्यावा आणि तो न खरवडता तसाच ठेवावा. त्यामुळे तळ सुकत नाही व कडांना गंज चढत नाही. बाइंडिंगचे स्क्रू सैल करावेत, म्हणजे एकाच जागी ताण राहत नाही. दमट तळघर व तापणारा माळा या दोन्ही जागा टाळून थंड, कोरड्या जागी बोर्ड ठेवावा. त्यावर दुसरे वजन ठेवू नये.

८. मर्यादा

निगेचे महत्त्व मान्य करूनही काही मर्यादा नाकारता येत नाहीत. खेळाडूचा पर्वतापर्यंतचा प्रवास, विशेषतः विमानप्रवास, हा बोर्डाच्या निर्मितीपेक्षा मोठा भार ठरू शकतो. दुसरे असे की, बर्फच अनिश्चित होत चालला आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधील स्पर्धा जवळजवळ संपूर्णपणे कृत्रिम बर्फावर झाल्या. भारतात गुलमर्ग येथे २०२० पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होऊ लागल्या. २०२५ मध्ये मात्र पुरेशा बर्फाअभावी तेथील फेब्रुवारीतील स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. कृत्रिम बर्फाचे कण टणक असल्याने तळावरील मेण लवकर झिजते. म्हणजे हवामानबदलाने निगेची गरजही वाढविली आहे.

९. निष्कर्ष

१) आधुनिक लाकडी स्नोबोर्ड हा पूर्णतः लाकडी नसतो, त्याची पर्यावरणपूरकता रेझिन, तंतू, प्लॅस्टिक व पोलाद यांवरही अवलंबून असते.
२) वनस्पतिजन्य रेझिन, जवसाचे तंतू व एरंडजन्य प्लॅस्टिक हे पर्याय स्वागतार्ह असले, तरी ते अंशतःच उपाय आहेत.
३) गाभ्यात पाणी शिरू न देणे हे निगेचे मूलतत्त्व होय.
४) निगेसाठी वापरले जाणारे मेण व द्रावक यांचीही पर्यावरणीय तपासणी आवश्यक आहे.
५) वस्तूचे आयुष्य वाढविणे हा वापरकर्त्याच्या हाती असलेला सर्वांत परिणामकारक पर्यावरणीय उपाय आहे.

१०. समारोप

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या दृष्टीने स्नोबोर्ड ही दूरची वस्तू आहे. तथापि, तिच्या अभ्यासातून हाती येणारा विचार दूरचा नाही. पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, वाणिज्य आणि शारीरिक शिक्षण या विषयांचा संगम एकाच फळीत झालेला असल्याने पर्यावरण अभ्यासाच्या अध्यापनात जीवनचक्राची संकल्पना समजावून देण्यासाठी ती उपयुक्त उदाहरण ठरू शकते. 'पर्यावरणपूरक' हे विशेषण वस्तूवरील चिठ्ठीने सिद्ध होत नाही. ती वस्तू कशापासून बनली, किती काळ वापरली गेली आणि अखेरीस तिचे काय झाले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते अवलंबून असते. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर निर्मात्याकडे असते. दुसऱ्याचे मात्र सर्वस्वी वापरकर्त्याच्या हाती असते.